ओर्ताचे साक्षीदार

'मोडशी' हा शब्द आज अपचनाच्या, पोट बिघडल्याच्या अर्थाने कुठेकुठे उरला आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात आणि कोकणात तो माणसाला एका दिवसात संपवणाऱ्या रोगाचे नाव होता. पुढे त्याच रोगाला आपण पटकी म्हणू लागलो. गोव्यात आलेल्या पोर्तुगिजांनी हा शब्द ऐकला आणि आपल्या जिभेच्या वळणाने त्याचे 'मोर्देशीं' केले. तो फ्रेंचांच्या कानी पडला तेव्हा त्यांना त्यात आपल्याच भाषेतले शब्द ऐकू आले, 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचे मरण. पटकीने आटलेला, डोळे खोल गेलेला, गार पडलेला माणूस ज्याने पाहिला असेल त्याला हे नाव पटलेही असेल. शब्दांच्या गमतीजमतींत ही हकीकत नेहमी सांगितली जाते. मला मात्र ती एका मोठ्या प्रश्नाचे टोक वाटते. एका मुलखातल्या माणसांना ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या मुलखातल्या ग्रंथांत ज्ञान म्हणून कशी जाऊन बसते? वाटेत कोणाचे सांगणे ग्राह्य धरले जाते, कोणाचे टाकून दिले जाते, आणि ज्यांनी सांगितले त्यांचे पुढे काय होते?

हा प्रश्न तपासायला १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालेल्या एका पुस्तकासारखे दुसरे साधन नाही. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांविषयीचे हे संवाद 'कोलोकिउश' या नावाने ओळखले जातात. गोव्यात छापखाना आला १५५६ साली, म्हणजे पुस्तक निघाले तेव्हा तिथल्या छपाईला जेमतेम सात वर्षे झाली होती. छपाई इतकी सदोष, की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. पोर्तुगालचा महाकवी कामोंइश याची पहिली छापील कविता याच पुस्तकाच्या आरंभी आहे. लेखक गार्सिया द ओर्ता हा वैद्य. त्याचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलु द व्हीद या गावी झाला. आईवडील ज्यू. १४९२ साली स्पेनने ज्यूंना हाकलले तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले, आणि पाचच वर्षांनी तिथेही सक्तीचा बाप्तिस्मा त्यांच्या वाट्याला आला. सालामांका आणि अल्काला इथे शिकून ओर्ता लिस्बनच्या विद्यापीठात निसर्गाचे तत्त्वज्ञान शिकवू लागला. वनस्पतिशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान या शाखा वेगळ्या होण्यापूर्वी त्या सगळ्यांचा मिळून हा एकच विषय होता आणि वैद्यकाचा पाया त्यातच मानला जाई. १५३४ साली मार्तीं आफोंसु द सौझा या सेनानीचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला, गोव्याला उतरला आणि १५६८ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. रोगांची आणि औषधांची अरबी नावे शहाने त्याला शिकवली आणि त्याने शहाला लॅटिन नावे, असे तो सांगतो. मुंबई बेट पोर्तुगीज सरकारने त्याला खंडाने दिले होते, आणि वर्षातून दोनदा फळणाऱ्या तिथल्या आपल्या आंब्याच्या झाडाचे त्याला कौतुक होते.

आधुनिक विज्ञानाच्या जन्माची जी कथा शाळेपासून आपल्याला सांगितली जाते, तिच्यात ओर्ताला सहज बसवता येते. ती कथा अशी: मध्ययुगातले विद्वान गॅलनच्या आणि ॲरिस्टॉटलच्या पोथ्या घोकत बसले, मग काही धाडसी माणसांनी पोथी मिटली आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला सुरुवात केली. व्हेसेलियसने प्रेते फाडली आणि १५४३ साली बासेलला आपला शरीररचनेचा ग्रंथ छापून गॅलनच्या चुका दाखवल्या. हार्वेने १६२८ साली रक्ताचे अभिसरण मांडले. आपल्या परंपरेच्या भाषेत सांगायचे तर शब्दप्रमाण गेले आणि प्रत्यक्षप्रमाण आले. ओर्ताही डायोस्कोरिडीस आणि गॅलन या प्राचीन ग्रंथकारांची भीती न बाळगता बोलतो, युरोपात असतो तर इतके उघड बोलण्याचे धाडस केले नसते असे कबूल करतो, तेव्हा तोही याच रांगेतला वाटतो. माझे म्हणणे असे, की त्याचे पुस्तक नीट वाचले तर ही कथा अर्धीच खरी ठरते. त्या शतकात शब्दप्रमाण गेले नाही. बदलली ती 'आप्त' या शब्दाची व्याप्ती. न्यायदर्शनात आप्त म्हणजे ज्याला गोष्ट नीट ठाऊक आहे आणि जी ठाऊक आहे तशी तो सांगतो असा माणूस. चरकानेही रोग ओळखण्याच्या साधनांत आप्तोपदेशाला प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या बरोबरीने बसवले आहे. युरोपीय वैद्यकात शतकानुशतके हा मान मृत ग्रंथकारांकडे होता. ओर्ताच्या पुस्तकात तो जिवंत माणसांकडे जाऊ लागतो. व्यापारी, हकीम, वैद्य, स्वयंपाकी, नोकरचाकर यांचे सांगणे तपासून घेण्याची एक रीत तिथे आकार घेते, आणि नव्या वैद्यकाचा प्राण त्या रीतीत आहे.

पुस्तकाची घडणच हे सांगते. ते प्रबंधाच्या रूपात नाही, संवादांच्या रूपात आहे. सालामांकाला शिकलेला रुआनो नावाचा एक काल्पनिक विद्वान नुकताच गोव्यात उतरला आहे आणि ओर्ताच्या घरी बसून एकेका द्रव्याविषयी विचारतो आहे. असे साठाच्या घरात संवाद. रुआनोच्या तोंडी ग्रीक, लॅटिन, अरबी ग्रंथकारांची मते आहेत. ओर्ता उत्तरे देतो. पुष्कळ अभ्यासक रुआनोला जुन्या ओर्ताची, म्हणजे पोर्तुगालमधल्या पंडिताची सावली मानतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याचे काम तेवढ्यावर संपत नाही. तो उलटतपासणी घेतो. तुम्हाला हे कोणी सांगितले, तुम्ही झाड पाहिले का, अमुक ग्रंथकार तर वेगळेच सांगतो, त्याचे काय? प्रत्येक विधानाला आपला उगम दाखवावा लागतो. पुस्तक लॅटिनऐवजी पोर्तुगीजमध्ये लिहिल्यामुळे ही झडती पंडितांपुरती राहिली नाही. जहाजावरच्या शल्यवैद्याला आणि मसाल्याच्या दलालालाही ती वाचता येत होती.

हिंगाचे उदाहरण घ्या. युरोपात हिंग पोचत होता, पण तो कुठून येतो आणि ग्रीकांनी वाखाणलेला 'लासेर' नावाचा डिंक म्हणजे हाच का, यावर पंडितांचा खल चालू होता. ओर्ताने हिंगाचे झाड कधी पाहिले नव्हते. ते खोरासानाकडे होते, आणि तो तिथे गेला नाही. झाडाविषयी जे सांगतो ते ऐकीव आहे, आणि ऐकीव म्हणूनच सांगतो. पण हिंग वापरणारे लोक मात्र त्याच्या अवतीभवती होते. गुजराती बनिये भाजीत हिंग घालतात, पोटाच्या तक्रारींवर घेतात, या देशात औषधात आणि स्वयंपाकात याच्याइतका वापरला जाणारा दुसरा पदार्थ नाही, हे तो नोंदवतो. हिंगाचा वास आपल्याला जगातला सर्वांत वाईट वाटतो हेही तो सांगतो, आणि त्यात शिजवलेल्या भाजीला मात्र तसा वास येत नाही हेही. मग विजयनगरची एक गोष्ट येते. एका पोर्तुगिजाचा उंची घोडा पोटात वायू धरत असे, म्हणून राजा तो विकत घेईना. मालकाने पिठातून हिंग दिला, घोडा बरा झाला, राजाने तो घेतला आणि उपाय काय केला ते विचारले. हिंग म्हटल्यावर राजा म्हणाला, यात नवल ते काय, तू त्याला देवांचे अन्न खायला घातलेस. आज ही गोष्ट मनोरंजन म्हणून उद्धृत होते. पुस्तकात मात्र ती पुरावा म्हणून येते. डायोस्कोरिडीसने ज्या गुणाचे वर्णन केले तो गुण या पदार्थात आहे की नाही, याचा निकाल ओर्ता स्वयंपाकघरात आणि तबेल्यात लावतो.

व्यापाऱ्यांची साक्ष त्याला विशेष मोलाची वाटते, आणि याचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. कोष्ठ हे सुगंधी मूळ घ्या. प्राचीन ग्रंथांत त्याचे अरबी, भारतीय आणि सीरियन असे तीन प्रकार सांगितले होते आणि युरोपचे औषधविक्रेते त्या तिन्हींच्या शोधात असत. ओर्ताने अरब, इराणी, तुर्की व्यापाऱ्यांना विचारले, तुमच्याकडे हे कुठून येते? सगळ्यांचे उत्तर एक, हिंदुस्थानातून. तेव्हा त्याने निष्कर्ष काढला, की कोष्ठ एकच आहे. माल ज्या ज्या बंदरातून पुढे गेला त्या त्या बंदराचे नाव त्याला चिकटले आणि पुस्तकात बसून त्या नावांच्या तीन वनस्पती झाल्या. कापराबाबतही तेच. बोर्निओकडचा कापूर, ज्याला आपण बरास म्हणतो, आणि चीनचा कापूर यांतला फरक त्याला पंडितांपेक्षा बनियांकडून अधिक नीट कळला, कारण दोहोंच्या किमतीत प्रचंड तफावत होती. ओळखण्यात चूक झाली तर ज्याच्या पदराला खार लागणार, तो माणूस डोळे उघडे ठेवतो. गॅलनचे भाष्य लिहिणाऱ्या प्राध्यापकाला आपल्या चुकीची किंमत कधीच मोजावी लागली नव्हती. साक्षीदाराचे काय पणाला लागले आहे हे पाहून त्याच्या शब्दाचे वजन ठरवणे, ही न्यायालयातली दृष्टी इथे औषधशास्त्रात आली आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ओर्ताने पुष्कळ गोष्टी स्वतःच पाहिल्या होत्या. त्याची बाग होती, तीस वर्षांचा रुग्णानुभव होता, आणि मोडशीचे वर्णन तर उघड उघड रोग्याच्या उशाशी बसून केलेले आहे. नाडी बुडते, घाम गार येतो, तहान शमत नाही, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात, वांती आणि जुलाब थांबत नाहीत. बहुतेक जण दिवसभरात जातात आणि काही तर दहा तासही टिकत नाहीत. आशियातल्या पटकीचे युरोपीय वैद्याने केलेले हे अगदी सुरुवातीचे छापील वर्णन आहे. आज कोणत्याही वैद्यकीय विद्यार्थ्याने ते वाचले तरी रोग ओळखील. ही प्रत्यक्षाची ताकद मी नाकारत नाही. पण याच रोगाने प्रत्यक्षाची मर्यादाही दाखवून दिली. १५४३ साली गोव्यात मोडशीची भीषण साथ आली. गव्हर्नरने एका मृताचे शरीर उघडून पाहण्याचा हुकूम दिला, असे गास्पार कोरेया या समकालीन बखरकाराने लिहून ठेवले आहे. बासेलला व्हेसेलियसचा ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी गोव्यातही माणसाचे शरीर फाडून रोगाचे कारण शोधण्याचा प्रयत्न झाला. आत आकसलेले पोट दिसले. त्यापलीकडे कोणाला काही कळले नाही, आणि कळणे शक्यही नव्हते. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचा जंतू पक्का केला तो १८८४ साली. उघड्या डोळ्यांना जे दिसते ते स्वतःहून बोलत नाही.

मग वैद्याने काय करावे? ओर्ताने इथल्या वैद्यांना विचारले. ते मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज, कांजी, पाजतात, पायांना डाग देतात, हे त्याने आपल्या उपचारांच्या शेजारी लिहून ठेवले, आणि डाग देण्याचा उपाय स्वतःही वापरला. रोगाचे नावही त्याने इथलेच घेतले. ग्रीक ग्रंथांतल्या 'कोलेरा'शी त्याने ते जुळवले, पण इथला रोग तिकडच्यापेक्षा कितीतरी तीव्र आहे हे बजावले. म्हणजे त्याचे प्रत्यक्षही दोन बाजूंनी शब्दाने धरलेले आहे. पुस्तकाने त्याला काय पाहायचे ते सांगितले, गावाने त्याला काय म्हणायचे ते सांगितले, आणि दोन्ही एकमेकांसमोर उभे करून फरक नोंदवणे हे त्याचे स्वतःचे काम. प्रत्येक द्रव्याचे नाव तो अरबी, दख्खनी, गुजराती, मलबारी अशा निरनिराळ्या भाषांत देतो, ते केवळ हौस म्हणून नाही. एकाच वस्तूला अनेक लोक अनेक भाषांत ओळखतात हे दिसले, की त्या प्रत्येकाची साक्ष स्वतंत्रपणे घेता येते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. शेवटी सगळे दुसऱ्याच्या सांगण्यावरच चालले असेल, तर गॅलनवर विश्वास ठेवणे आणि खंबायतच्या व्यापाऱ्यावर विश्वास ठेवणे यांत फरक काय? बाबा वाक्यं प्रमाणम् तेच राहिले, बाबा तेवढे बदलले. याचे उत्तर ओर्ताच्या चुकांतच सापडते. मिरीबाबत प्राचीनांचे म्हणणे होते, की काळी मिरी, पांढरी मिरी आणि पिंपळी एकाच झाडाची. ओर्ताने पिंपळी वेगळी वनस्पती आहे, ती बंगालकडून येते, हे ठामपणे सांगितले, आणि ते बरोबर होते. पण काळी आणि पांढरी मिरीही वेगवेगळ्या वेलींची असे त्याने मानले. काळ्या आणि पांढऱ्या द्राक्षांच्या वेलींसारखा तो फरक आहे असे त्याला वाटले. ही चूक होती. दोन्ही एकाच वेलीची फळे, साल काढली की पांढरी. कोष्ठ एकच हे त्याने ओळखले, पण ते मांडू, चितोडच्या बाजूला होते असे त्याला सांगण्यात आले आणि त्याने ते मान्य केले. खरे तर ते काश्मीर आणि हिमालयातले. माल ज्या वाटेने गुजरातच्या बंदरात येई त्या वाटेलाच लोकांनी त्याचे माहेर समजले होते. म्हणजे ज्या जातीची चूक त्याने प्राचीनांच्या पदरात टाकली, तीच त्याच्याही हातून झाली. फरक असा, की त्याची चूक शोधता येते. त्याने कोणाकडून ऐकले, माल कुठून कुठे जातो असे त्याला सांगितले गेले, हे पुस्तकात नोंदलेले आहे, म्हणून पुढचा माणूस एक मुक्काम मागे जाऊन पुन्हा विचारू शकतो. जुन्या ग्रंथकाराच्या विधानामागे असा माग नसे. त्याचे नाव हाच पुरावा असे. साक्ष आणि अधिकारवाणी यांतली सीमारेषा मला इथे दिसते: साक्षीला उलट प्रश्न विचारता येतात.

तिसरा आक्षेप मात्र असा आहे, की त्याला पूर्ण उत्तर देता येत नाही आणि देण्याचा प्रयत्नही करू नये. हे सगळे साक्षीदार समान नव्हते. संवादांत मधूनमधून ओर्ता 'अँटोनिया' अशी हाक मारतो. ती त्याच्या घरची नोकर मुलगी, बहुधा गुलाम. ती झाडपाला आणते, फळ दाखवते, विचारले तेवढे सांगते आणि जाते. वनस्पती ओळखून आणणारे हात तिचे होते, हे पुस्तकावरूनच दिसते, पण मत मांडण्याचा अधिकार तिला नाही. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य संवादात येतो, बोलतो, पण एकूण हिंदू वैद्यांविषयी ओर्ताचे मत असे, की त्यांना शरीररचना ठाऊक नाही, यकृत कुठे आणि प्लीहा कुठे हेही ते जाणत नाहीत, ते केवळ अनुभवावर आणि रिवाजावर चालतात. आणि तरीही अतिसारात आपले उपचार थकले की आपण मलबारी वैद्यांची औषधे वापरतो, हेही तोच सांगतो. इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी तर असा दावा केला, की ओर्ताचे आणि त्याच्या मागून आलेल्या डचांचे ग्रंथ मुळात इथल्या ज्ञानव्यवस्थेवरच उभे आहेत. हा दावा मला थोडा ताणलेला वाटतो. रचना, प्रश्न, निवड ही ओर्ताची होती, आणि त्याच्या डोक्यातली वैद्यकाची चौकट शेवटपर्यंत गॅलनची आणि इब्न सीनाचीच राहिली. पण दाव्यामागचा सल खरा आहे. साक्ष घेतली गेली. साक्षीदाराला ज्ञानाचा भागीदार मानले गेले नाही.

आणि जे थोडेफार उरले होते तेही पुढच्या टप्प्यावर पुसले गेले. युरोपातल्या विद्वानांनी ओर्ता वाचला तो गोव्याच्या पुस्तकातून नव्हे. कार्ल क्लुसियस हा त्या काळचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ पोर्तुगाल-स्पेनच्या प्रवासात असताना १५६४ साली हे पुस्तक त्याच्या हाती लागले. त्याने त्याचा लॅटिन संक्षेप केला आणि १५६७ साली अँटवर्पच्या प्रख्यात प्लांतें छापखान्यात छापला. त्याने चित्रे घातली, क्रम लावला, आपल्या टिपा जोडल्या, आणि संवाद काढून टाकले. रुआनोचे प्रश्न गेले. अँटोनियाला मारलेली हाक गेली. कोणी, कुठे, कशावरून सांगितले ही वीण उसवली आणि उरली ती नीटनेटकी विधाने. क्लुसियसबद्दल मला आदर आहे. त्याच्याशिवाय ओर्ता गोव्यातल्या त्या सदोष छपाईतच गाडला गेला असता. संक्षेपाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, इटालियन भाषांतर झाले, १५७८ साली क्रिस्तोव्हाव द कोस्ताने त्याच सामग्रीवर बर्गोसला स्पॅनिश ग्रंथ काढला. पण जे हजारोंनी वाचले गेले ते साक्षीवाचूनचे निकालपत्र होते. प्रत्यक्ष निरीक्षणातून जन्मलेले विज्ञान ही कथा आपल्याला खरी वाटते, याचे एक कारण अशा संपादनांत आहे. विचारपूस कापून टाकली, की मागे राहिलेली माहिती कोणीतरी स्वतः पाहिल्यासारखी दिसते.

शंभर वर्षांनी लंडनमध्ये, १६६० साली, रॉयल सोसायटी स्थापन झाली, आणि कोणाच्या शब्दावर विसंबू नये असे ब्रीद तिने घेतले. पण १६६५ पासून निघू लागलेले तिचे नियतकालिक उघडले, की पानोपानी पत्रे दिसतात. अमुक खलाशाने असे पाहिले, तमुक डॉक्टरने असे कळवले. रक्ताभिसरणासारख्या प्रयोगसिद्ध शोधालाही हे चुकले नाही. रोहिणीतून नीलेत रक्त नेमके कसे जाते ते हार्वेने कधी पाहिले नव्हते. त्या सूक्ष्म केशवाहिन्या मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या त्या १६६१ साली, आणि ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता त्या साऱ्या युरोपने त्या मालपिगीच्या शब्दावर स्वीकारल्या. इथे 'विसंबू नका'चा अर्थ 'तपासल्याशिवाय विसंबू नका' एवढाच असू शकतो. गोव्यातल्या त्या घरात बसून ओर्ता रुआनोकडून करवून घेत होता ते हेच.

या गोष्टीची एक काळी बाजू आहे आणि तिच्याशिवाय ओर्ताविषयी लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, आले. ओर्ताच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच, ते पाहून संमत केल्याची नोंद म्हणून, आलेइशु दियाश फाल्कांव या इन्क्विझिटरचे नाव छापलेले आहे. ओर्ता गेला १५६८ साली. त्यानंतर त्याची बहीण कातारीना हिला पकडण्यात आले आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, जिवंत जाळण्यात आले. कुटुंबीयांच्या जबान्यांतून ओर्ताच्याही श्रद्धेचा बोभाटा झाला. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडे उकरून काढून जाळली गेली. इन्क्विझिशनही साक्षींवरच चालत असे, आणि म्हणून ही तुलना टाळता येत नाही. तिथे आरोपीला साक्षीदाराचे नाव सांगितले जात नसे. साक्ष यातनेच्या भयाने निघे, आणि उलट प्रश्न विचारणे हाच गुन्ह्याचा पुरावा ठरू शके. ज्या शहरात साक्षीचा असा वापर चालला होता त्याच शहरात, त्याच काळात, ज्याच्या स्वतःच्या घराला या भयाची सावली होती अशा माणसाने कोणी सांगितले, कशावरून सांगितले, त्याचा त्यात लाभ काय, हे विचारत विचारत एक ग्रंथ लिहिला. आयुष्यभर जे मनात आहे आणि जे बोलता येते त्यांतले अंतर जपावे लागलेल्या माणसाला शब्दाचे वजन इतरांपेक्षा नीट कळले असावे, असा माझा तर्क आहे. कागदोपत्री तो सिद्ध करता येणार नाही.

गोव्यातल्या या राजवटीच्या धार्मिक छळामुळे अनेक सारस्वत कुटुंबे दक्षिणेकडे गेली आणि कोचीनला स्थिरावली. तिथे सतराव्या शतकात हेंड्रिक व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करायला घेतला. 'होर्तुस मलाबारिकुस' नावाचे त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्याने इट्टी अच्युदन या एझावा वैद्याकडून माहिती घेतली, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोकणी वैद्यांकडूनही. ओर्ताच्या पुस्तकात जे घडले नाही ते इथे घडले. साक्षीदारांनी आपली साक्ष स्वतः लिहून दिली. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ बसून, निघंटूच्या आधारे, वनस्पतींची नावे आणि गुण आपण सांगितले, असे या तिघांनी १६७५ साली कोकणीत लिहिले. ॲमस्टरडॅमच्या छापखान्याला ती अक्षरे परकी होती, तरी ती तशीच उतरवून घेण्यात आली. १६७८ च्या पहिल्या खंडात, वनस्पतींचे वर्णन सुरू होण्याआधी, तो नागरी लिपीतला मजकूर त्यांच्या नावांसह आजही वाचता येतो.